नळाला हात लावल्यावर झिणझिण्या येतायत? आधी हे बघ

अरे, नळाला हात लावल्यावर मुंग्या येतायत म्हणजे पाण्याचा दोष नाही, कुठंतरी करंट लीक होतोय, तेव्हा आधी ओल्या हाताने नळ धरणं बंद कर. टेस्टरचा दिवा पेटला यावर जाऊ नकोस, तो जरा कशानेही पेटतो. मल्टीमीटर एसी व्होल्टेजवर लाव, एक प्रोब (मीटरच्या वायरचं टोक) नळाला आणि दुसरा सॉकेटच्या अर्थला नाही, कारण घराचं अर्थिंगच बिघडलेलं असेल तर दोन्हीकडं सारखाच व्होल्टेज असतो आणि मीटर शून्य दाखवून तुला फसवतो (मी यात दोन दिवस घालवलेत), तर बाहेर ओल्या मातीत लोखंडी सळई ठोक आणि लांब वायरने तिथून माप. मीटरला लो-झेड मोड (मीटरचा आतला रोध कमी करणारा) असेल तर तो वापर, नुसता जवळच्या वायरमुळे दिसणारा खोटा व्होल्टेज लगेच पडतो.

मग एकेक एमसीबी (बोर्डावरचा सर्किटचा स्विच) पाड, कशाने आकडा खाली येतो बघ. बहुतेकदा दोषी गीझरचा एलिमेंट (आतली पाणी तापवणारी कॉइल) निघतो. त्याचा नुसता स्विच नको, प्लगच काढ. मेन पाडूनही आकडा तसाच? मग बाहेरून येतंय, न्यूट्रल तुटलेला असू शकतो, वीज कंपनीला लगेच कळव आणि तोवर पाइप कुठंच खोलू नकोस. ३० एमएची (मिलिअँपिअर) आरसीसीबी, म्हणजे करंट लीक झाला की वीज तोडणारा स्विच, नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेच.