मशीन लीजवर घेताना कागदातल्या शब्दांचा खरा अर्थ काय असतो?

तुमचा प्रश्न असा आहे की कुपवाड एमआयडीसीत स्वतःचं छोटं युनिट टाकताय, पहिलं व्हीएमसी (व्हर्टिकल मशीनिंग सेंटर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घ्यायचंय, फायनान्सवाल्याने लोनऐवजी लीजचं कोटेशन दिलंय आणि त्यात लेसर, लेसी, पीटीपीएम, आरव्ही, नेट लीज असलं काय काय लिहिलंय, ते साध्या भाषेत सांगा. मी भोसरीत सतरा वर्षं जॉबवर्क करतोय. शॉपमध्ये चार मशीन आहेत, एक लोनवर घेतलेलं, दोन लीजवर आणि एक सेकंडहँड रोखीने. मी सीए नाही, पण हे कागद वाचून आणि न वाचता, दोन्ही प्रकारे सह्या केल्यात, त्यामुळे जे सांगतोय ते स्वतःच्या खिशातून शिकलेलं आहे.

आधी मालक कोण ते बघा, बाकीचे निम्मे शब्द त्यातूनच सुटतात. लोन घेतलं तर बिल तुमच्या नावाचं, मशीन पहिल्या दिवसापासून तुमचं, बँकेचा त्यावर फक्त बोजा असतो आणि त्यालाच हायपोथिकेशन म्हणतात, म्हणजे मशीन तुमच्या ताब्यात पण हप्ते थकले तर बँक उचलून नेऊ शकते. हायर परचेस म्हणजे वापर आजपासून तुमचा पण मालकी शेवटचा हप्ता भरल्यावर. आमच्याकडे जुन्या लोकांच्या तोंडी अजून "एनएसआयसीचं लेथ" असतं ना, ते हेच, एनएसआयसी ही छोट्या उद्योगांसाठीची सरकारी कंपनी १९५५ साली निघाली आणि कितीतरी छोट्या वर्कशॉपना पहिलं मशीन त्यांच्या हायर परचेसवर मिळालं. आणि लीज म्हणजे सरळ भाडेपट्टा. डीलरचं बिल लीज कंपनीच्या नावाने निघतं, ती कंपनी लेसर, तुम्ही लेसी. मशीनवर त्यांच्या नावाची छोटी पट्टी लावतात ती काढायची नाही, आणि उद्या शेड बदलायची झाली तर मशीन हलवायला सुद्धा त्यांची लेखी परवानगी लागते, हे खूप जणांना ऐन वेळी कळतं.

लीजमध्ये परत दोन प्रकार. फायनान्स लीज म्हणजे मशीनची जवळजवळ सगळी किंमत आणि त्यावरचं व्याज तुमच्याच भाड्यातून वसूल होणार, मधे सोडता येत नाही, आणि मशीन बिघडलं, जुनं झालं, त्याला काम मिळालं नाही तर ते सगळं तुमच्याच डोक्यावर. ऑपरेटिंग लीज म्हणजे फोर्कलिफ्ट किंवा ऑफिसचे लॅपटॉप घेतात तसं, काही काळ वापरा आणि परत द्या, पुढे ते दुसऱ्याला देतील नाहीतर विकतील. व्हीएमसीचं तुमचं कोटेशन नाव काहीही असलं तरी बहुतेक पहिल्या प्रकारचं असणार. (मोठ्या कंपन्यांना इंड एएस ११६ या हिशोबाच्या नियमामुळे १ एप्रिल २०१९ पासून जवळपास सगळीच लीज ताळेबंदात दाखवावी लागतात, तुमच्या साइजला ती चिंता नाही, ते सीएवर सोडा.)

आता पीटीपीएम, कारण सगळी गंमत इथे आहे आणि इथेच माणूस फसतो. पर थाउजंड पर मंथ, म्हणजे मशीनच्या किमतीच्या दर हजार रुपयांमागे महिन्याला किती भाडं. समजा मशीन ३० लाखाचं, ४८ महिने, पीटीपीएम साडेपंचवीस, भाडं महिन्याच्या सुरुवातीला. तर महिना ७६,५०० रुपये. त्यात आरव्ही १० टक्के लिहिलेली असते, म्हणजे रेसिड्युअल व्हॅल्यू, ४८ महिन्यांनी त्यांच्या हिशोबात मशीनची ३ लाख किंमत शिल्लक राहते आणि तेवढी रक्कम भाड्यात धरलेली नसते. हे सगळं धरून व्याजाचा दर काढला तर साधारण १४ टक्के येतो. या दराला इम्प्लिसिट रेट म्हणतात आणि मला आजवर एकाही लीज कोटेशनवर तो छापलेला दिसलेला नाही. लोनला आता रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून एमएसएमई टर्म लोनसोबत की फॅक्ट स्टेटमेंट द्यावंच लागतं आणि त्यात सगळे चार्जेस धरून वर्षाचा दर म्हणजे एपीआर लिहावा लागतो, तर लीजवाल्याकडेही तसाच आकडा मागा, काही देतात, काही विषय बदलतात.

आता सिक्युरिटी डिपॉझिट बघा. तुमच्या कोटेशनमध्ये असेलच, १० टक्के, बिनव्याजी, "शेवटी आरव्हीमध्ये ॲडजस्ट". ऐकायला किती सोयीचं वाटतं, शेवटी आपल्याला काही भरायचंच नाही. पण नीट बघा काय झालं, तुम्ही पहिल्याच दिवशी ३ लाख त्यांच्या हातात ठेवले, म्हणजे त्यांनी प्रत्यक्षात तुम्हाला ३० नाही, २७ लाखच दिले आणि भाडं मात्र ३० लाखाच्या हिशोबाने ७६,५००च राहिलं. दर काढा, पावणेसतरा टक्क्यांच्या आसपास येतो. एका ओळीमुळे १४ चे पावणेसतरा. मी पहिल्या लीजला हे बघितलंच नव्हतं, मला वाटलं डिपॉझिट म्हणजे आपलेच पैसे आहेत, सेफ आहेत.

फ्लॅट रेटचंही तसंच, ते लोनमध्ये येतं. २० लाख, ५ वर्षं, "फक्त ८ टक्के फ्लॅट" म्हणजे वर्षाला १ लाख ६० हजार असं पाच वर्षं पूर्ण २० लाखावर व्याज, हप्ता साधारण ४६,६६७. मुद्दल तर दर महिन्याला कमी होत जाते, मग कमी होणाऱ्या मुद्दलावर हिशोब केला की हाच दर १४ टक्क्यांच्या वर जातो. कोणी फ्लॅट म्हणालं की लगेच रिड्यूसिंग किती ते विचारा.

पुढचा शब्द ॲक्सेप्टन्स सर्टिफिकेट, आणि यावर मी जरा जास्तच बोलणार आहे. हा एक पानाचा कागद असतो, मशीन मिळालं, व्यवस्थित चालतंय, आम्हाला मान्य आहे एवढंच लिहिलेलं. यावर सही झाली की लीज कंपनी डीलरला उरलेले पैसे सोडते आणि तुमचं भाडं सुरू होतं. माझं दुसरं मशीन ३१ मार्चला दुपारी आलं. हायड्रा क्रेनने ट्रेलरवरून उतरवून शेडच्या दारात ठेवलं, अंगावरचा प्लास्टिकचा कागद तसाच, फाउंडेशनचं काँक्रीट अजून ओलं, विजेचा वाढीव लोड मंजूर व्हायचा होता, स्टॅबिलायझर आलेला नव्हता. फायनान्सचा मुलगा पाच वाजल्यापासून ऑफिसात बसलेला, साहेब आज सही नाही झाली तर माझी केस पुढच्या वर्षात जाईल, हात जोडत होता बिचारा. त्यांना मार्चची घाई का असते तर एक तर टार्गेट, आणि दुसरं म्हणजे मालक ते असल्यामुळे मशीनचा घसारा त्यांना मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तरी निम्मा घसारा मिळतोच. मी सही केली. डीलरला पूर्ण पैसे पोचले, मग त्याचा इंजिनियर आज येतो उद्या येतो करत लेव्हलिंगला आला पंधरा दिवसांनी, आणि पहिला चांगला जॉब निघाला २३ एप्रिलला. भाडं १ एप्रिललाच कापलं गेलं होतं. तेव्हा कोणी कितीही हात जोडले तरी ट्रायल पीस तुमच्याच ड्रॉइंगचा काढून, मोजून, मापात बसल्याशिवाय त्या कागदावर सही करू नका, आणि डीलरचे शेवटचे १० टक्के कमिशनिंगनंतरच, म्हणजे मशीन बसवून चालू झाल्यावरच सुटतील असं डीओमध्ये (लीज कंपनी डीलरला देते त्या डिलिव्हरी ऑर्डरमध्ये) आधीच लिहून घ्या.

याच्या शेजारीच ब्रोकन पीरियडचं भाडं असतं. मशीन ९ तारखेला ॲक्सेप्ट झालं आणि लीज पुढच्या १ तारखेपासून धरलं तर मधल्या दिवसांचं भाडं वेगळं लागतं, आणि ते ४८ मध्ये मोजत नाहीत.

नेट लीज म्हणजे इन्शुरन्स, एएमसी (वर्षाचा मेंटेनन्स करार), रिपेअर सगळं तुमच्याकडे. त्याच्याच आसपास एक कलम असतं की कुठल्याही कारणाने भाडं थांबवता येणार नाही, मशीन बंद पडलं तरी, डीलरशी भांडण असलं तरी. इंग्रजीत त्याला हेल ऑर हाय वॉटर म्हणतात. वाचताना अन्याय वाटतो पण त्यांच्या बाजूने बघितलं तर त्यांनी फक्त पैसे घातलेत, मशीन तुम्ही निवडलं, डीलर तुम्ही निवडला. मी यावर वाद घालत बसत नाही, दुसरी गोष्ट मागतो, वॉरंटीचे हक्क लेसीच्या नावाने असाइन करून द्या. बिल त्यांच्या नावाचं असल्यामुळे हे लिहिलेलं नसेल तर सहाव्या महिन्यात स्पिंडल गेला की मशीन कंपनी म्हणते आमचा ग्राहक लीज कंपनी, आणि लीज कंपनी म्हणते मशीनचं आम्हाला काय कळतं. इन्शुरन्समध्येही बघा, आग किंवा पुरात मशीन पूर्ण गेलं तर क्लेम आधी त्यांना जातो, आणि कराराच्या मागे एक तक्ता असतो, कुठल्या महिन्यात किती रक्कम देणं लागतं त्याचा. क्लेम त्यापेक्षा कमी आला तर फरक तुम्ही भरायचा. सांगलीकडच्या माणसाला पुराचं वेगळं सांगायला नको.

आता शेवट. मी आता कुठलाही लीज करार मुदत संपण्याच्या कलमापासून वाचायला सुरू करतो, कारण माझं सगळ्यात मोठं नुकसान तिथे झालंय. टर्निंग सेंटर होतं, ३६ महिने, भाडं ४१,०००. करारात लिहिलेलं की मुदत संपायच्या किमान ९० दिवस आधी लेखी कळवलं नाही तर लीज त्याच भाड्याने आणखी १२ महिने चालू राहील. मी छत्तिसावा हप्ता गेल्यावर खुशीत होतो, घरी पेढे सुद्धा नेले होते. पुढच्या महिन्यात ५ तारखेला नॅचमधून (बँकेच्या ऑटो-डेबिटमधून) परत ४१,००० गेले. फोन केला, मेल केले, त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो, शेवटी बारा महिन्यांऐवजी पाच महिन्यांवर मिटलं, म्हणजे ज्या मशीनची किंमत पूर्ण भरून झाली होती त्याचे आणखी २ लाख ५ हजार गेले. कागदावर माझी सही होती, कुठे दाद मागणार. आता प्रत्येक लीजची नोटिसची तारीख शॉपच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिलेली असते, आणि मोबाईलवर वेगळी.

तिथेच हेही बघा की शेवटी मशीन तुमचं होतं का, आणि कितीला. लीज करारात लेसीला विकत घ्यायचा हक्क सरळ लिहिला की तो व्यवहार हायर परचेसकडे झुकतो, म्हणून बरेच जण ते करारात घालत नाहीत, तोंडी सांगतात "शेवटी तुमच्याच नावावर करून देऊ". तोंडी नको, निदान मेलवर तरी आकड्यासकट घ्या, आरव्हीला देणार की त्या वेळच्या बाजारभावाला, दोन्हीत लाखांचा फरक पडतो. आणि परत द्यायचं झालं तर हायड्रा, ट्रेलर आणि त्यांच्या गोडाऊनपर्यंतचं भाडं कोणाचं, तेही.

जीएसटीचं पटकन सांगतो. लोनच्या व्याजावर जीएसटी नाही. लीजच्या पूर्ण भाड्यावर आहे, व्हीएमसीला १८ टक्के, म्हणजे ७६,५०० वर आणखी १३,७७०. मशीन घेताना एकदम ५ लाख ४० हजार जीएसटी भरायचा त्याऐवजी महिन्याला थोडा थोडा, हा लीजचा खरा फायदा, पण ४८ महिन्यांत तो ६ लाख ६० हजारांच्या वर जातो. तुम्ही जीएसटीत रेग्युलर असाल तर क्रेडिट मिळेल, म्हणजे तुमच्या भरायच्या जीएसटीतून तो वजा होईल, कंपोझिशनमध्ये (छोट्यांसाठीच्या ठरावीक टक्क्यांच्या योजनेत) असाल तर एक रुपया नाही, तो सरळ खर्च. माझ्या मेहुणीच्या पॅथॉलॉजी लॅबला म्हणूनच मी लीज नको म्हणालो होतो, त्यांची सेवा जीएसटीतून मुक्त, क्रेडिट घेणार कुठून. इन्कम टॅक्समध्ये लीजचं पूर्ण भाडं खर्चात जातं, लोनमध्ये व्याज अधिक १५ टक्के घसारा. नफा किती होणार त्यावर कोणतं बरं ते ठरतं.

क्रॉस डिफॉल्ट असेल तर एका खात्यात चूक झाली की सगळी खाती थकीत धरतात, आणि पर्सनल गॅरंटीवर घरच्यांची सही मागत असतील तर घरच्यांना आधी कागद वाचायला द्या, नुसतं "इथे सही कर" नको.

तुमच्या जागी मी असतो तर पहिल्या मशीनला आधी बँकेत सीजीटीएमएसई या सरकारी गॅरंटी योजनेखाली विनातारण लोन विचारलं असतं, १ एप्रिल २०२५ पासून त्या गॅरंटीची मर्यादा १० कोटी झालीय, तुमचं ३० लाखाचं काम त्यात आरामात बसतं, बँक मॅनेजर कुरकुर करेल पण दोन बँका फिरा. लीज मला तेव्हा पटतं जेव्हा मार्जिनचे (स्वतः घालायचे) पैसे हाताशी नाहीत आणि तीन-चार वर्षांची ऑर्डर हातात आहे. तुमच्याकडे तशी ऑर्डर आहे का ते प्रश्नात लिहिलेलं नाही.

कोटेशनवरचे पाच आकडे तेवढे इथे टाका, मशीनची जीएसटी सोडून किंमत, पीटीपीएम, महिने, डिपॉझिट आणि आरव्ही, आणि भाडं महिन्याच्या आधी की नंतर तेही. संध्याकाळी शॉप बंद झालं की एक्सेलमध्ये घालून खरा दर काढून देतो. तोपर्यंत सही करू नका.