युरोप खुशाल करा काका, पण ती ‘पर्यटन पेन्शन’ आधी थांबवा

नाशिकच्या एका काकांचं पत्र आलंय. वय ६३, सातपूरच्या कंपनीतनं रिटायर झालेत, काकू ६० च्या. घर स्वतःचं, कर्ज नाही. एका गाळ्याचं भाडं महिना १३ हजार येतं, ईपीएसचे, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शनचे, ३ हजार, घरखर्च ३६ हजार. पीएफ-ग्रॅच्युइटीचे ५० लाख एफडीत आहेत. प्रश्न एवढाच, की युरोप टूरचे दोघांचे ८ लाख एफडी मोडून भरू का टूरवाला देतोय त्या ईएमआयवर जाऊ.

आणि मग पत्राच्या अगदी शेवटी हे: “पुढच्या ट्रिपांची काळजी नाही, पाच महिन्यांपूर्वी बँकेतल्या साहेबांनी पर्यटन पेन्शन करून दिलीय, वर्षाला ५ लाख, फक्त ७ वर्षं, मग ७२ व्या वर्षापासून १० वर्षं दर वर्षी ६ लाख, टॅक्स फ्री. कंपनीचा मेडिक्लेम बंद झाला पण टूरमध्ये इन्शुरन्स आहे, बाकीचं आल्यावर बघू.”

काका, विचारलंत त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. एफडी मोडा, ईएमआय नको. सात टक्क्यांची एफडी तशीच ठेवून तेरा-चौदा टक्क्यांनी कर्ज घ्यायचं कशाला? ८ लाखांचा तीन वर्षांचा हप्ता २७ हजारांच्या आसपास बसतो आणि तुमचं भाडं अधिक पेन्शन मिळून होतात १६ हजार. विषय संपला.

आता त्या पेन्शनकडे येऊ. ती पेन्शन नाही. एंडोमेंटच्या जातीची, म्हणजे विमा आणि बचत एकत्र बांधलेली, आयुर्विमा पॉलिसी आहे, तिच्यावर पर्यटनाचं लेबल लावलंय एवढंच. एकूण भरणार ३५ लाख, मिळणार ६० लाख. ऐकायला छान वाटतं, पण पहिला हप्ता ६३ व्या वर्षी, शेवटचा ६९ व्या, आणि पहिला पैसा परत येणार ७२ व्या. कॅलक्युलेटरवर घातलं तर परतावा सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. तुमच्या त्याच बँकेतली साधी एफडी सात देतेय. सीनियर सिटिझन सेव्हिंग स्कीम सध्या ८.२ देतेय, आणि ती त्याच काउंटरवर उघडता येते, ती तुम्हाला का दाखवली नाही याचा मला खरंच राग येतो.

टॅक्स फ्रीचं म्हणाल तर हा ५ लाखांचा आकडा उगाच आलेला नाही. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा पॉलिसींचा वर्षाचा प्रीमियम ५ लाखांच्या वर गेला की मिळणाऱ्या पैशावरची करमाफी जाते, म्हणून बरोब्बर ५ लाखांचं विकतात. पण तुमचं भाडं, पेन्शन, व्याज सगळं धरून उत्पन्न होतं साडेपाच लाख. नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंत तुम्हाला तसाही कर नाही. मग करमाफीसाठी दोन-तीन टक्के सोडायचे कशाला?

आणि परताव्यापेक्षा मोठा घोळ पुढे आहे. तुमची तूट महिन्याला २० हजार, म्हणजे वर्षाला २ लाख ४० हजार. युरोप करून आलात की हातात ४२ लाख. त्यातनं दर वर्षी घराचे अडीच आणि पॉलिसीचे ५, वर थोडी महागाई. व्याज धरूनसुद्धा सातवा हप्ता भराल तेव्हा पाच-साडेपाच लाख उरतात. तोवर तूटही साडेतीन लाखांवर गेलेली असेल, म्हणजे दीड एक वर्ष घर चालेल, आणि पॉलिसीचे पैसे यायला अजून तीन वर्षं. मध्ये कुणाचा गुडघा बदलायचा निघाला तर? फिरण्यासाठी घेतलेली पॉलिसी ऐन फिरायच्या वयातले पैसे अडकवून ठेवते आणि ७२ ते ८१ मध्ये परत देते. उलट असायला हवं ना हो!

आता काय करायचं ते सांगतो. पॉलिसी वाचून नको असेल तर परत करायचे, म्हणजे फ्री-लुकचे, ३० दिवस गेलेत, तो रस्ता बंद. पण पॉलिसीच्या बाँडबरोबर प्रपोजल फॉर्मची कॉपी असते ती काढा, आणि व्यवसाय आणि वार्षिक उत्पन्न या दोन रकान्यांत काय लिहिलंय ते बघा. भाडं-पेन्शन मिळून महिना १६ हजारवाल्या माणसाला वर्षाला ५ लाखांची पॉलिसी सहसा पास होत नाही, त्यामुळे तिथे बिझनेस आणि १५-२० लाख असं काही लिहिलेलं निघालं तर मला नवल वाटणार नाही. फॉर्म साहेबांनी भरला, तुम्ही सह्या केल्यात, असं झालं असेल तर तसंच लिहा. विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी तक्रार, ‘चुकीची माहिती देऊन विकली, पॉलिसी रद्द करून पैसे परत द्या’ एवढं स्पष्ट. विमा नियामकाच्या विमा भरोसा या तक्रार पोर्टलवरही टाका. महिन्याभरात उत्तर नाही आलं किंवा नकार आला तर पुण्याचं विमा लोकपाल कार्यालय, तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही. साहेबांना फोन करून विचारत बसू नका, ते गोड बोलून दुसऱ्या हप्त्याची तारीख गाठतील.

तक्रार फसली तरी दुसरा हप्ता भरू नका. ‘५ लाख बुडतील’ म्हणून बरेच जण पुढचे भरत जातात. पहिले ५ गेले असं समजूनच हिशोब करू, पुढचे ३० लाख भरून ६० मिळाले तर त्यावरचा परतावा सात-सव्वासात टक्के पडतो, म्हणजे जेमतेम एफडीएवढा, तोही सगळे हप्ते निभावले तर, आणि वर आपण पाहिलंच की घर चालवून हप्ते भरणं तुम्हाला झेपत नाही. ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमानं पहिलं वर्ष पुरं झाल्यावर पॉलिसी मध्येच बंद केली तरी काही रक्कम, म्हणजे सरेंडर व्हॅल्यू, मिळते, पदरात पडेल ते घ्या.

मेडिक्लेमचं ‘आल्यावर बघू’ मला अजिबात चालणार नाही. टूरचा इन्शुरन्स विमान परत उतरलं की संपला. शेंगेन व्हिसाला किमान ३० हजार युरोचं वैद्यकीय कव्हर लागतं म्हणून तो असतोच, पण काकूंना बीपी-शुगर आहे असं तुम्ही लिहिलंय, ते त्या फॉर्मवर लिहिलंय का? जुन्या आजाराला त्यात किती कव्हर आहे हे टूरवाल्याकडनं लेखी घ्या. आणि इथला मेडिक्लेम जायच्या आधी, दोघांचा, सगळे आजार सांगून. २०२४ पासून ६५ ची वयोमर्यादा गेलीय, आधीच्या आजारांसाठी वाट बघायला लावायची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं केलीय. ती तीन वर्षं पॉलिसी घेतल्या दिवसापासून मोजतात, म्हणून घाई. सत्तरीनंतरचं आयुष्मान कार्ड तुम्हाला अजून सात वर्षं लांब आहे.

युरोप मात्र आत्ताच करा, ६३ ला जे चालणं होतं ते ७२ ला होईलच असं नाही. फक्त ८ ऐवजी ६ मध्ये बसवा. मे महिना सोडा, सप्टेंबरात हवा चांगली असते आणि गर्दीही कमी. पंधरा दिवसांत सात देशांऐवजी तीन-चार घ्या, बसमधले तास वाचतील. टूरमध्ये स्वित्झर्लंडचं युंगफ्राउयोख असेल तर ते रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटर उंचीवर आहे, काकूंचं डॉक्टरांना विचारून ठरवा. टूर कंपनी बिलावर टीसीएस, म्हणजे आगाऊ घेतला जाणारा कर, लावेल, त्याला घाबरू नका, तुम्हाला कर नाही म्हणजे रिटर्न भरला की ते परत येतात, पण रिटर्न भरायला विसरू नका.

उरले ४४ लाख. त्यातले ३० सीनियर सिटिझन स्कीममध्ये, एका माणसाला तेवढीच मर्यादा आहे. दर तिमाहीला ६१,५०० येतील, म्हणजे महिना साडेवीस हजार, तुमची आजची तूट भरून निघाली. १२ लाख एफडीत, त्याचं वर्षाचं ८०-८४ हजार व्याज आधी मेडिक्लेमला, पुढे वाढत्या महागाईला ही मुद्दलसुद्धा वापरावी लागेल हे धरून चला. राहिलेले २ लाख पुढच्या चार वर्षांच्या देशातल्या ट्रिपांना, वर्षाला पन्नास हजार. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे तेव्हा पूर्ण तिकीट धरा. एसटीत काकूंना आत्ताच अर्धं तिकीट आहे, तुम्हाला ६५ ला मिळेल.

टूरचा अ‍ॅडव्हान्स भरण्याआधी दोन कामं उरकून घ्या, मेडिक्लेमचा फॉर्म आणि तक्रारीचं पत्र. आणि बँकेत पॉलिसीच्या हप्त्याचं ऑटो डेबिट लावलेलं असणारच, ते लेखी अर्ज देऊन बंद करून घ्या, पोच घेतल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.