थांबायचं असेल तर 'बघू' म्हणू नको

अरे,

जर्मनीहून तुझा मेसेज आला तेव्हा इथे नागपुरात लाईट गेली होती, गच्चीवर बसून मोबाईलवर वाचला, दोनदा वाचला. थिसिस सबमिट झाली हे वाचून फार बरं वाटलं. पण शेवटी तू लिहिलं, "आता बघू दादा, काही मिळालं तर थांबतो नाही तर येतो परत", तिथे मी अडकलो, म्हणून हे एवढं लिहून राहिलो.

मागच्या रविवारी तुझे बाबा भेटले होते बजाजनगरला पोह्याच्या ठेल्यावर. तर्री पोहा समोर गार होऊन गेला आणि ते मलाच विचारत होते, "काय करून राहिला हा, तुला काही बोलला का, आम्हाला तर काहीच सांगत नाही." तुझ्या शिक्षणाच्या लोनचा विषय त्यांनी काढला नाही, पण साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाने हप्ते सुरू होतात हे त्यांनाही माहीत आहे आणि तुलाही. म्हणजे तुझं 'बघू' तू एकटा नाही बघून राहिला, इथे प्रतापनगरला दोन माणसं रोज रात्री तेच बघून राहिली आहेत.

आधी कागदाचं बोलतो कारण ते थांबत नाही. डिग्री झाली की जर्मनीत नोकरी शोधायला 18 महिने राहण्याचं परमिट मिळतं, माझ्या वेळी 12 महिने होते, 2012 च्या ऑगस्टपासून 18 झाले. या काळात कुठलंही काम करता येतं, पण ते परमिट पुढे वाढवून मिळत नाही. आणि अर्ज जुन्या परमिटची तारीख संपायच्या आधीच गेला पाहिजे, आधी गेला तर निर्णय येईपर्यंत जुने हक्क चालू राहतात आणि तसा कागद देतात. खर्चाला पैसे आहेत हे दाखवावं लागतं. स्टुडंटवाला हेल्थ इन्शुरन्सही युनिव्हर्सिटीतून नाव कमी झालं की संपतो, पुढचा हप्ता बराच जास्त असतो, ते आत्ताच विचारून घे.

मी हे काऊन सांगतो, तर मी स्वतः परमिट संपायला नऊ दिवस राहिले असताना जागा झालो होतो. अपॉइंटमेंट मिळेना, मग जानेवारीत सकाळी सहाला परमिट देणाऱ्या ऑफिसबाहेर लायनीत उभं राहायचं, बोटं वळत नव्हती. कागद अगदी शेवटच्या दिवशी हातात पडला. तोवर एका कंपनीने, जिथे इंटरव्ह्यू छान झाला होता, दुसऱ्याला घेऊन टाकलं कारण त्यांना व्हॅलिड परमिट लगेच पाहिजे होतं. ते अजून मनातून जात नाही माझ्या. तू आजच त्या ऑफिसला ईमेल टाक, उत्तर नाही आलं तर चार दिवसांनी परत टाक.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. हे 18 महिने कसे जातात ते मी पाहिलं आहे. पोट्टे चांगले असतात, हुशार असतात, पण चौघे पाच जण एका फ्लॅटमध्ये, खर्चाला म्हणून गोडाऊनमध्ये नाही तर डिलिव्हरीचं काम धरतात, महिन्याला पैसे येतात, घरीही थोडे जातात, संध्याकाळी दमून आले की इंग्लिशमध्ये दहा अर्ज टाकायचे, सगळे बर्लिन म्युनिकचे, आणि घरात दिवसभर हिंदी मराठी. वर्ष असंच निघून जातं आणि जर्मन तिथेच, दुकानात "धन्यवाद" म्हणण्याइतकं. काम करायला काहीच हरकत नाही, मीही हॉटेलात भांडी घासली, पण त्या कामाने तुझा पूर्ण दिवस खाल्ला तर नोकरी शोधायला तू उरत नाहीस.

माझं ऐकशील तर भाषेला पहिला नंबर दे, अर्जांना दुसरा. तू जर्मनची ए टू लेव्हल करून थांबला आहेस, त्याच्या पुढची बी वन कर. तिथे गावोगावी नगरपालिकेच्या पाठिंब्याने चालणारे संध्याकाळचे वर्ग असतात, फोल्क्सहोखशूले, फी बऱ्यापैकी कमी असते. मशीनचे पार्ट बनवणाऱ्या कितीतरी चांगल्या कंपन्या छोट्या गावांत आहेत, आपल्या पोरांना त्यांची नावंही माहीत नसतात, आणि तिथला इंटरव्ह्यू बहुतेक जर्मनमध्येच होतो. मला पहिली नोकरी अशाच एका गावात लागली, स्टेशनवर तासाला एक गाडी यायची. मुलाखतीत माझी वाक्यं तुटत होती तरी मी इंग्लिशवर नाही गेलो, आणि नंतर मॅनेजर म्हणाला की तेवढ्यावरच घेतलं तुला.

भाषा पुढेही लागते. ब्लू कार्ड, म्हणजे डिग्रीवाल्यांना नोकरीवर मिळणारं परमिट, त्यासाठी पगाराची अट असते, 2025 ला ती वर्षाला 48,300 युरो होती, नुकतीच डिग्री झालेल्यांना त्यापेक्षा कमी. मग ब्लू कार्डवर काम करताना बी वन असेल तर 21 महिन्यांत पर्मनंट परमिटचा अर्ज करता येतो, नसेल तर 27, त्याला ए वनही पुरतं.

पण या सगळ्याच्या आधी तुला तिथे राहायचं आहे का, हे स्वतःला विचार. नोकरी मिळेल का, हा वेगळा प्रश्न आहे. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार होतो, रविवारी दुकानं बंद असतात, तान्ह्या पोळ्याला इथे मारबतीची मिरवणूक निघाली की व्हिडिओ येतात आणि आपण खोलीत एकटे असतो. मला ते जड गेलं. सुटलो कशाने तर गावच्या टेबल टेनिस क्लबने, दर मंगळवारी जायचो, तिथल्या म्हाताऱ्यांनी मला भाषा शिकवली, घरी जेवायला नेलं. त्यानंतर मला ते गाव आवडायला लागलं.

आणि तरी मी आलो परत. माझ्या बाबांना अर्धांगवायू झाला, मी सुट्टी टाकून आलो, सुट्टीचे महिने झाले. सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलं तर साधारणपणे पर्मनंट परमिट रद्द होतं, माझंही झालं. ते मला चालणार होतं कारण तेव्हा बाबांजवळ राहायचं मी ठरवून केलं होतं. आज इथेच मिहानमध्ये, विमानतळाजवळच्या कंपन्यांच्या भागात, नोकरी करतो, बरं चाललं आहे. परत येणाऱ्याला लोक इथे "काय झालं, जमलं नाही का" असं विचारतात, त्या भीतीने मात्र थांबू नको बाप्पा. आणि लोन आहे म्हणूनच फक्त थांबलो, असंही करू नको, ते फिटल्यावर मग काय करशील?

थांबायचं ठरलं तर तुझा जर्मनमधला सीव्ही मला पाठव, मी बघून देतो. यायचं ठरलं तरी सांग, इथल्या दोघा तिघांशी बोलून ठेवतो. आणि जे ठरेल ते आईला तू स्वतः फोन करून सांग, बाबांकरवी नको. दुपारी ती शाळेत असते, संध्याकाळी सातनंतर कर, तेव्हा तुझ्याकडे दुपारच असते.

तुझा,
दादा