उत्तर: १९४६ ची ‘कारंजा’ बोट आणि न सापडणारी प्रवासी यादी

तुमची पोस्ट वाचली. आजोबा १९४६ चा पावसाळा संपल्यावर रत्नागिरीहून मुंबईला आले, तिथून ‘कारंजा’ बोटीने सेशेल्समार्गे झांजिबारला गेले, १९५८ ला परतले. तुम्ही आठ महिने प्रवासी यादी शोधताय, दोन संस्थळांची वर्षभराची वर्गणी भरलीत, एका परदेशी दफ्तराला शोधशुल्क पाठवलंत आणि उत्तर आलं, ‘नोंद आढळली नाही’. हे दुखणं चांगलंच ओळखीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितोय. कुटुंबातल्या म्हाताऱ्यांशी बोला, जुनी पत्रं बघा वगैरे तुम्ही केलंच असणार, ते सोडून देतो.

सगळ्यात महाग पडणारी चूक आधी. ज्या याद्या या संस्थळांवर ‘जगभरातले प्रवासी’ म्हणून विकल्या जातात, त्या ब्रिटिश बोर्ड ऑफ ट्रेडच्या, म्हणजे तिथल्या व्यापारखात्याच्या. त्याच्या आद्याक्षरांवरून मालिकांना ‘बीटी’ म्हणतात: बीटी २६ म्हणजे ब्रिटनला येणारे (१८७८ ते १९६०) आणि बीटी २७ म्हणजे ब्रिटनहून जाणारे (१८९० ते १९६०). तेही युरोप आणि भूमध्य समुद्राबाहेरच्या बंदरांशी संबंध असला तरच. मुंबईला चढलेला आणि झांजिबारला उतरलेला माणूस ब्रिटनच्या किनाऱ्याला शिवतच नाही. बोट ब्रिटिश, कंपनी ब्रिटिश, कप्तान स्कॉटिश, तरी त्या यादीत आजोबा असूच शकत नाहीत.

माझा राग दफ्तराच्या त्या एका वाक्यावर आहे. ‘नोंद आढळली नाही’ आणि ‘अशी नोंद आमच्याकडे असण्याचं कारणच नाही’ ही दोन वेगळी उत्तरं आहेत. पहिलं वाचलं की माणूस स्पेलिंग बदलून पुन्हा शुल्क भरतो. दुसरं मिळालं असतं तर तो त्याच दिवशी दुसरीकडे वळला असता. शुल्क घेण्याआधी हे सांगायला एक ओळ पुरते, पण ती ओळ कुणी लिहीत नाही. म्हणून यापुढे कुठल्याही दफ्तराला नावाचा शोध घ्यायला सांगू नका. आधी फुकटचा प्रश्न विचारा: ‘मुंबई ते पूर्व आफ्रिका या प्रवासाच्या, अमुक वर्षांच्या याद्यांची मालिका तुमच्याकडे आहे का? असल्यास तिचा क्रमांक काय?’ मालिकेचा क्रमांक आला नाही, तर पैसे पाठवायचे नाहीत.

संस्थळांचा आणखी एक चकवा. शोधात ‘केनिया’ किंवा ‘युगांडा’ टाकलं की भराभर निकाल येतात, त्यात एखादा आपल्याच आडनावाचा निघतो आणि मन लगेच त्यावर बसतं. पण ‘केनिया’ (१९५१) आणि ‘युगांडा’ (१९५२) ही ‘कारंजा’च्याच कंपनीच्या, पण लंडन ते पूर्व आफ्रिका मार्गावरच्या जहाजांची नावं आहेत. यादीत चढण्याचं बंदर लंडन असेल, तर तो तुमचा माणूस नव्हे, आडनाव कितीही जुळो.

आता मुख्य मुद्दा, जो तुमच्याच पोस्टमध्ये लपलाय. १९४६ साली ‘कारंजा’ नव्हती.

ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीकडे (जुने लोक नुसतं ‘बी. आय.’ म्हणत) या मार्गावर एकाच नावाच्या दोन बोटी होऊन गेल्या. पहिली १९३१ ची. ती युद्धात सैन्य नेण्यासाठी घेतली गेली आणि नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियाच्या बूझी बंदरापाशी विमानहल्ल्यात बुडाली. दुसरी १९४८ ची, साधारण दहा हजार तीनशे टनांची. तिची जोडीदार ‘कंपाला’ एक वर्ष आधी, १९४७ ला आली. दोन्ही ‘कारंजा’ ग्लासगोच्या अलेक्झांडर स्टीफन यांच्याच गोदीत बांधलेल्या, त्यामुळे नेटवर फोटो आणि माहिती यांची सर्रास खिचडी झालेली दिसते. मधल्या सहा वर्षांत कंपनीकडे या नावाची बोट नव्हती.

म्हणजे तुमच्याकडे वर्ष तरी चुकलंय किंवा बोट तरी. माझं मत (मत आहे, पुरावा नव्हे): वर्ष बरोबर, बोट चुकीची. घरात वर्ष सहसा मोठ्या घटनेला बांधलेलं असतं, ‘लढाई संपली त्याच्या पुढच्या वर्षी’ असं. बोटीचं नाव मात्र शेवटच्या प्रवासाचं डोक्यात राहतं. १९५८ चा परतीचा प्रवास ‘कारंजा’चा असणं अगदी शक्य आहे. आणि हो, आपल्याकडे उरणजवळचं कारंजा बंदर असल्यामुळे ‘आजोबा कारंजाहून गेले’ आणि ‘कारंजाने गेले’ यांचीही गल्लत होते. मूळ वाक्य कुणी कसं म्हटलं, ते पुन्हा विचारा.

कंपनीच्या इतिहासाबद्दल थोडक्यात, कारण त्याचा उपयोग तपासणीला होतो. १८५६ ला विल्यम मॅकिनन यांनी कलकत्ता–ब्रह्मदेश टपालासाठी ती काढली, १८६२ ला ‘ब्रिटिश इंडिया’ हे नाव आलं, १८७२ च्या अखेरीस एडन–झांजिबार टपालसेवा सुरू झाली आणि १९१४ ला ती पी अँड ओ या दुसऱ्या ब्रिटिश जहाज कंपनीच्या समूहात गेली. मुंबईतले एजंट बॅलार्ड इस्टेटचे मॅकिनन मॅकेंझी, पूर्व आफ्रिकेतले स्मिथ मॅकेंझी. जुन्या पाकिटावर यातलं कुठलंही नाव दिसलं तर पाकीट जपून ठेवा, त्यावर तारीख असते.

बोटीच्या नावाचं पहिलं अक्षर बऱ्याचदा मार्ग सांगतं. ‘क’च्या बोटी आफ्रिकेच्या: कारंजा, कंपाला, त्याआधीच्या करोआ, करागोला, खंडाला (इंग्रजीत शोधताना शेवटी दोन एल टाका, नाहीतर फक्त आपला घाट सापडतो). ‘द’च्या बोटी इराणी आखाताच्या: दारा, दुमरा, द्वारका. ‘राजुला’ मद्रास–सिंगापूरची. नियम पक्का नाही. ‘अमरा’ आणि ‘तिलावा’ याही आफ्रिकेला जात. ‘तिलावा’ मुंबईहून मोंबासाकडे जाताना २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवली, २८० माणसं गेली. त्या एका प्रवासाची नावं वारसांनी आपल्या संस्थळावर गोळा केली आहेत. बाकीच्या प्रवासांना असं कुणी वाली नाही.

सेशेल्ससाठी या बोटी म्हणजे जगाशी जोडणारी मुख्य दोरी होती. तिथे विमान उतरायला १९७१ उजाडलं. मुंबई ते व्हिक्टोरिया (सेशेल्सची राजधानी आणि बंदर) सुमारे साडेसतराशे सागरी मैल, १६ नॉटने (ताशी १६ सागरी मैल) साडेचार दिवस. पुढे मोंबासापर्यंत आणखी साडेनऊशेच्या आसपास, म्हणजे अडीच दिवस. पत्रात ‘पाचव्या दिवशी बेट दिसलं’ असं असेल तर थेट बोट. बारा-पंधरा दिवस लागले असतील तर ती आधी कराची, पोरबंदर करत गेली असणार, आणि मग शोध मुंबईच्या तारखेवर थांबवू नका. फोटोचंही तसंच. व्हिक्टोरियाला त्या काळात मोठी बोट धक्क्याला लागत नसे, बाहेर नांगर टाकून माणसं लाँचने उतरवत. तुमच्या फोटोत बोटीची शिडी सरळ धक्क्यावर टेकलेली असेल, तर मागे कुणी ‘सेशेल्स’ लिहिलं असलं तरी ते बहुधा मोंबासाचं किलिंदिनी बंदर आहे.

मग शोधायचं कुठे? यादीचा नाद सोडून तारीख पकडा. त्या वेळच्या मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत जहाजांच्या सुटण्या-येण्याचा स्तंभ रोज असे. ऑक्टोबर ते डिसेंबर १९४६ चे अंक मोठ्या ग्रंथालयात बसून पाहिले तर पूर्व आफ्रिकेला गेलेल्या बोटींची यादी तुमची तुम्हालाच करता येईल. त्यावर पासपोर्टचे शिक्के ठेवून बघा. परतीच्या प्रवासाला पिवळ्या तापाच्या लशीचं पुस्तक फार कामाचं, आणि लोक नेमकं तेच फेकून देतात. दाखला लस टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो आणि तो नसेल तर मुंबईत क्वारंटाइन. त्यामुळे पहिलीच लस असेल, तर बोट सुटण्याची तारीख त्या शिक्क्यानंतरच शोधा. पलीकडच्या टोकाला झांजिबारचं अभिलेखागार. पुढे ते केनियात गेले असतील तर केनिया गॅझेट या तिथल्या सरकारी राजपत्राचे जुने अंक नेटवर फुकट शोधता येतात. मृतांच्या मालमत्तेच्या नोटिसा त्यात नावानिशी असतात.

एक शंका. रत्नागिरीचा माणूस म्हणजे प्रवासीच होता हे नक्की ना? या बोटींवर डेकवर आणि इंजिनात आपले कोकणातले खलाशी पुष्कळ, सलूनमध्ये (प्रवाशांच्या जेवणा-खोल्यांच्या सेवेत) गोव्याचे. आजोबा सारंग-तांडेलच्या (खलाशांच्या मुकादमांच्या) हाताखाली असतील तर वाट पूर्ण वेगळी. खलाशांचे करारनामे बोटीच्या नावाने नाही, तर तिच्या अधिकृत क्रमांकाने लावलेले असतात. तो क्रमांक लॉइड्स रजिस्टर या जहाजांच्या नोंदवहीच्या स्कॅन केलेल्या खंडांत मिळतो. १८६३ ते १९३८ आणि १९५१ ते १९७६ चे बहुतेक करारनामे कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या मेरिटाइम हिस्टरी आर्काइव्हमध्ये आहेत. पाचावर संपणारी वर्षं बहुतेक लंडनमधल्या ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात, आणि १९४६ साठी लंडनच्या क्यू भागातलं ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागार. मात्र आशा फार ठेवू नका. आशियाई खलाशांचा करार अनेकदा वेगळ्या कागदावर असे आणि तो कागद टिकलाच असेल असं नाही.

गोव्याहून गेलेल्यांच्या वारसांनी हे वाचत असाल तर: १९६१ आधीचा पासपोर्ट पोर्तुगीज असण्याची शक्यता मोठी, तेव्हा शोध पणजीपासून सुरू करा, मुंबईपासून नको.

मी अभिलेखागाराचा माणूस नाही, शुल्क आणि नियम बदलत राहतात, अर्ज करण्याआधी ताजी माहिती घ्या. १९४८ ची ‘कारंजा’ पुढे १९७६ ला शिपिंग कॉर्पोरेशनने घेतली आणि ‘नानकौरी’ नावाने अंदमानला चालवली. तेव्हा ‘आजोबांची बोट अंदमानात पाहिली’ असं घरात कुणी म्हणत असेल तर हसू नका.

पासपोर्टची शिक्के असलेली पानं इथे टाका. नंबर आणि जन्मतारीख झाकून. शिक्का पुसट असेल तर पान उजेडासमोर तिरकं धरून फोटो काढा, सपाट स्कॅनमध्ये दाबाची खूण दिसत नाही.