रिपोर्ट नॉर्मल, मग त्रास कशाचा?

"मॅडम, सगळे रिपोर्ट नॉर्मल आलेत. म्हणजे मी नाटक करतेय का?" खुर्चीत नीट टेकण्याआधीच तिने विचारलं. वय 38. पोटात सतत पीळ, रात्री दचकून जाग, आणि कुणी जरा आवाज चढवला की छातीत धडधड. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) तपासण्या झाल्यावर डॉक्टरांनीच तिला माझ्याकडे पाठवलं होतं.

हा प्रश्न मी वारंवार ऐकते आणि दरवेळी मला तो लागतो. त्रास सोसायचा, वर तो खरा आहे हेही आपणच पटवून द्यायचं!

बालपणाबद्दल पहिल्या दोन भेटींत ती "चारचौघांसारखंच" एवढंच म्हणाली. तिसऱ्या वेळी सहज बोलून गेली, की जिन्यावर वडिलांची पावलं कशी वाजतात यावरून आज ते पिऊन आलेत का, हे तिला कळायचं. मग धाकट्या भावाला घेऊन ती मागच्या खोलीत लपायची. तेव्हा ती सात वर्षांची होती. "पण मला कधी हात लावला नाही हं त्यांनी," ती घाईने म्हणाली. मार आईला बसायचा.

धोका दिसला की शरीरात अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसोल ही तणावाची संप्रेरकं (हार्मोन्स) वाढतात, तो टळला की उतरतात. रोजच संध्याकाळी धोका असेल, तर वाढत्या वयातलं शरीर कायम सावध राहायला शिकतं. पुढे घर बदलतं, माणसं बदलतात, पण कान जिन्याकडेच राहतात. झोप, पचन, रक्तदाब सगळ्याला त्याची झळ लागू शकते. तुम्ही नाटक करत नाही, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

पुढच्या भेटीत ती घाबरून आली. डॉ. व्हिन्सेंट फेलिट्टी आणि डॉ. रॉबर्ट आंडा यांच्या, बालपणीच्या वाईट अनुभवांवरच्या 1998 सालच्या अमेरिकेतल्या अभ्यासाबद्दल तिने वाचलं होतं. आईला होणारी मारहाण आणि घरातलं व्यसन त्यातही मोजलं होतं. असे चार किंवा जास्त प्रकार वाट्याला आलेल्यांत नैराश्याबरोबर हृदयविकार आणि कर्करोगही जास्त आढळले होते. "म्हणजे मला होणारच ना?"

नाही. ते आकडे हजारो माणसांच्या समूहाचे आहेत. एकेका माणसाचं भविष्य त्यावरून सांगू नये, असं खुद्द आंडा यांनी सहकाऱ्यांसह 2020 मध्ये लिहिलं आहे. रक्तदाब, साखर वेळेवर तपासत राहा, एवढंच मी त्यातून घ्यायला सांगितलं.

मग आम्ही सावकाश काम केलं. धडधड सुरू झाली की पाय जमिनीवर घट्ट टेकायचे, श्वास लांबवत सोडायचा, आजूबाजूला बघून आजची तारीख मोठ्याने म्हणायची. जाग अजून येते, पण परत झोप लागते.

सहा महिन्यांनी तिने भावाला फोन केला. तीस वर्षांत त्या खोलीबद्दल दोघं कधीच बोलले नव्हते. त्याच्याही पोटात तसाच पीळ पडतो. "मला वाटायचं, हे फक्त मलाच होतं," तो म्हणाला.