खेळातून सामाजिक बदल खरंच घडतो का? घडत असेल तर सुरुवात कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच-सहा जणांचा गट आहे, १० ते १५ वयाची वीसेक मुलंमुली जमतील, त्यांना फुटबॉल खेळवून मुलगा-मुलगी भेद आणि आपापसातली गटबाजी कमी करायची आहे. मग एखादी मोठी स्पर्धा भरवावी का, आणि खेळाने खरंच फरक पडतो का?

पडतो, पण खेळ आपण होऊन काही शिकवत नाही. त्याच मैदानात, त्याच चेंडूने मुलं एकमेकांना सांभाळून घ्यायला शिकतात आणि दादागिरी करायलाही शिकतात. यातलं काय पदरात पडेल हे तीन गोष्टींवर ठरतं: संघ कसे पाडले, नियम कोणते लावले आणि खेळ संपल्यावर काय बोलणं झालं. स्पर्धेत या तिन्हींना वेळ नसतो, म्हणून पहिले तीन महिने स्पर्धेचं नावही काढू नका. आठवड्यातून दोन दिवस, दीड-दीड तास, ठरलेल्या वेळी. एवढं नियमित जमणार नसेल तर बाकीचं सगळं व्यर्थ आहे.

आधी संघ. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. 'या गल्लीची मुलं विरुद्ध त्या गल्लीची मुलं' असा सामना लावला की एकोपा वाढेल असं वाटतं, होतं नेमकं उलटं. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या तरुणांच्या क्रिकेट लीग भरवून हेच तपासलं. त्याचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. एकाच संघात भिडू म्हणून खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्र्या वाढल्या. समोरासमोर उभे राहिलेल्यांच्या बाबतीत परिणाम साधारण उलट्या दिशेने गेला. म्हणजे ज्यांना जवळ आणायचं आहे ते एकाच बाजूला हवेत.

दोन कप्तान उभे करून आळीपाळीने भिडू निवडण्याची पद्धत पहिल्या दिवसापासून बंद. शेवटी उरणारी मुलं दर वेळी तीच असतात. त्याऐवजी पहिले दोन दिवस नुसतं खेळू द्या आणि खेळात कोण किती तयार आहे ते पाहून मुलांचे पाच गट करा, प्रत्येकी चार जणांचे. प्रत्येक गटातून एकेक चिठ्ठी काढत गेलात की पाच-पाच जणांचे चार संघ होतात. एखाद्या संघात सगळे जुने दोस्तच आले किंवा एकच मुलगी आली, तर सरळ अदलाबदल करा. चिठ्ठीला देव मानायचं कारण नाही. एकटी मुलगी गप्प राहते, दोघी असल्या की बोलतात. हे संघ सहा ते आठ आठवडे ठेवून मग मोडा. रोज बदलले तर ओळखच होत नाही, आणि फार दिवस ठेवले तर त्याच संघांची नवी टोळकी होतात.

आता नियम. १९९४ च्या विश्वचषकात स्वतःच्याच संघावर गोल झाल्यानंतर कोलंबियाचा खेळाडू आंद्रेस एस्कोबार याचा मेडेयिन शहरात गोळ्या घालून खून झाला. त्यानंतर त्याच शहरात हिंसेत अडकलेल्या तरुणांसाठी रस्त्यावरच्या फुटबॉलचा एक प्रकार सुरू झाला: मुलंमुली एकाच संघात, पंच नाही, आणि पहिला गोल मुलीनेच करायचा. पुढे याच धर्तीवर तीन हाफचा फुटबॉल जगभर पसरला. पहिल्या हाफमध्ये दोन्ही संघ बसून त्या दिवसाचे नियम ठरवतात, दुसऱ्यात खेळतात, तिसऱ्यात पुन्हा बसून एकमेकांना गुण देतात. तुमच्या कामासाठी यापेक्षा बरा साचा माझ्या पाहण्यात नाही.

मात्र 'पहिला गोल मुलीचा' हा नियम जसाच्या तसा उचलू नका. नवख्या गटात काय होतं पाहा: मुलीला गोलच्या तोंडाशी उभं करतात, चेंडू तिच्या पायाशी आणून देतात, ती तो ढकलते, आणि मग मुलं आपसात 'खरा' खेळ सुरू करतात. मुली झाल्या लिंबूटिंबू. 'मुलीच्या गोलला दोन गुण' या नियमाचंही तेच. मुलींना सवलत मिळते, मान मिळत नाही. त्यापेक्षा 'गोल करण्याआधी चेंडू संघातल्या पाचही जणांच्या पायाला लागलेला हवा' हा नियम लावा. तो सगळ्यांना सारखा आहे, त्यात मुलीचं नावही नाही, आणि तिच्याकडे पास दिल्याशिवाय गत्यंतर नाही. पहिल्या दिवशी गोलच होत नाहीत, मुलं वैतागतात. तेव्हा पाचाऐवजी तीन करा आणि दोन आठवड्यांनी पाचावर या.

एक सत्र कसं बेतायचं? २० मुलांसाठी साधारण ३० बाय २० मीटरची दोन छोटी मैदानं आखा, म्हणजे चारही संघ एकाच वेळी खेळतात. वाट पाहत बसलेली मुलं भांडणं उकरून काढतात. खुणेसाठी ठेवायचे प्लास्टिकचे शंकू (कोन) नसतील तर वाळू भरलेल्या बाटल्या चालतात. १२ वर्षांपर्यंतच्यांना ४ नंबरचा चेंडू, त्यापुढच्यांना ५ नंबरचा. शिकाऊ मुलांसाठी हवा जरा कमीच ठेवा, चेंडू लागण्याची भीती कमी होते. दहा मिनिटं पकडापकडीसारखा अंग मोकळं करणारा खेळ, पंधरा मिनिटं एखादं कौशल्य, दहा मिनिटं नियम ठरवणं, मग सात-सात मिनिटांचे तीन डाव आणि मध्ये पाणी. शेवटची वीस मिनिटं तिसऱ्या हाफची. ही वीस मिनिटं कापून खेळ वाढवायचा मोह दर वेळी होईल. होऊ द्या, कापू नका.

पंचाच्या जागी प्रत्येक सामन्याला दोन मध्यस्थ नेमा. चौदा-पंधरा वर्षांची मुलं हे काम उत्तम करतात. हातात शिट्टी नाही, वही. 'धक्का मारला', 'नाही मारला' सुरू झालं की मध्यस्थाने हात वर करायचा, खेळ थांबतो, ज्यांच्यात वाद आहे ते दोघंच बोलतात. मिनिटभरात मिटलं नाही तर चेंडू मधोमध ठेवून खेळ पुढे सुरू. सुरुवातीचे चार-पाच दिवस नुसता गोंधळ चालेल आणि तुमचा हात शिट्टीकडे जाईल. मोठ्या माणसाने एकदा निवाडा दिला की पुढे प्रत्येक वाद त्याच्याकडेच येतो.

गुण असे: जिंकल्यास ३, बरोबरीला २, हरल्यास १. त्यावर समोरच्या संघाने द्यायचे ० ते ३ सचोटीचे गुण. म्हणजे हरलेला पण नीट खेळलेला संघ ४ वर जाऊ शकतो आणि जिंकलेला पण दंगेखोर संघ ३ वर अडकतो. मुलं हे गणित फार लवकर ओळखतात आणि तिथेच पळवाटाही शोधतात: दोन्ही संघ संगनमताने एकमेकांना ३ देतात, किंवा रडीचा डाव खेळून सूड म्हणून ० देतात. उपाय एकच. प्रत्येक गुणामागे आज घडलेला एक प्रसंग सांगायचा. 'छान खेळले' चालणार नाही. 'तो पडला तेव्हा हिने चेंडू थांबवला' हे चालेल. ही कल्पना मैदानाबाहेरही नेता येते. नैरोबीतल्या माथारे वस्तीत १९८७ साली सुरू झालेल्या युवा क्रीडा संघटनेने वस्तीची सफाई करणाऱ्या संघाला त्याचे गुण लीगच्या तक्त्यातच दिले. सफाई आणि फुटबॉल असे दोन वेगळे कार्यक्रम केलेच नाहीत, त्यातच या कल्पनेचं मर्म आहे.

तिसऱ्या हाफमध्ये सगळ्यांनी रिंगणात बसायचं, मुलांच्या डोळ्यांवर ऊन येणार नाही असं. 'आज काय शिकलात?' हा सगळ्यात वाया गेलेला प्रश्न. त्याला 'एकजूट' असं पाठ केलेलं उत्तर येतं. तीन टप्प्यांनी जा. आज खेळात काय घडलं? असंच घरी, शाळेत कुठे घडतं? पुढच्या वेळेपर्यंत आपण काय करून पाहायचं? समजा मुलं म्हणाली, 'तिला पास दिला नाही, कारण ती चेंडू घालवते.' लगेच उपदेश सुरू करू नका. विचारा, आज तिच्याकडे किती वेळा चेंडू आला, आणि ज्याच्याकडे सगळ्यात जास्त आला त्याने किती वेळा घालवला? मध्यस्थाच्या वहीत उत्तर असतं. प्रशिक्षकाचं बोलणं एकूण वेळेच्या पावभागाहून जास्त झालं की ते भाषण झालं असं समजा.

आरोग्यासारखा विषय असेल तर तो खेळाच्या रचनेतच बसवता येतो. ग्रासरूट सॉकर ही संस्था एचआयव्हीबद्दल असं काम करते. त्यांच्या एका खेळात कोन म्हणजे धोके. ड्रिबल करताना, म्हणजे चेंडू पायाने ढकलत नेताना, कोनाला धक्का लागला तर पहिल्या फेरीत फक्त त्या खेळाडूने ठरलेला व्यायाम करायचा, पुढे त्याच्या साथीदारांनीही, आणि शेवटी सगळ्यांनी. एकाच्या आजाराचा भार घरावर आणि वस्तीवर कसा येतो, ते पोस्टरपेक्षा पायांना लवकर कळतं.

मुली येईनाशा झाल्या तर 'आवड नाही' हे कारण शेवटचं धरा. आधी पाहा: अंधार पडायच्या आत सुटतं का, जवळ शौचालय आहे का, ठराविक कपड्यांची सक्ती आहे का, येण्या-जाण्याला सोबत आहे का, शिकवणाऱ्यांत बाई आहे का. बहुतेकदा यातलंच काहीतरी निघतं. घरच्यांना एकदा मैदानावर बोलावून खेळ दाखवा, पत्रक वाटण्यापेक्षा ते बरं.

सुरक्षेत तडजोड नाही. कायम दोन मोठी माणसं हजर. एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलासोबत थांबायचं नाही. पालकांची लेखी संमती. तक्रार ऐकणारी व्यक्ती प्रशिक्षकापेक्षा वेगळी. डोक्याला मार लागला की त्या दिवशी खेळ बंद, मूल कितीही म्हणालं 'मी बरा आहे' तरी. रोख बक्षिसं ठेवू नका. पैसे आले की वय लपवलेले आणि बाहेरून आणलेले खेळाडू येतात.

फरक पडला का हे फॉर्म भरून घेऊन कळत नाही. मुलं तुम्हाला आवडेल तेच लिहितात. त्यापेक्षा पहिल्या, सहाव्या आणि बाराव्या आठवड्यात एका जणाने दहा मिनिटं फक्त मोजायचं: मुलींकडे किती पास गेले, दुसऱ्या टोळक्यातल्याकडे किती. शिवाय प्रत्येकाकडून गुपचूप लिहून घ्या, 'तुझ्या संघात कोणते तिघे हवेत?' नावं बदलली तर काहीतरी हललं. हजेरीवहीतून गळालेल्यांची नावं मात्र खोडू नका. फक्त टिकलेल्यांवरून काढलेला निष्कर्ष नेहमी गोड असतो.

या सगळ्याला एक मर्यादा आहे. सलमा मूसा या संशोधक बाईंनी इराकमध्ये विस्थापित ख्रिश्चन खेळाडूंच्या काही संघांत मुस्लिम खेळाडू घालून पाहिलं (२०२०). मैदानावरचं आणि संघातल्यांशी वागणं सुधारलं, सहा महिन्यांनंतरही ते एकत्र सराव करताना दिसले. पण मैदानाबाहेरच्या अनोळखी मुस्लिमांशी मिसळण्यात तेवढा फरक दिसला नाही. म्हणून तिसऱ्या महिन्यापासून खेळाला मैदानाबाहेरचं एखादं काम जोडा: दोन भिडूंनी मिळून मैदानाची निगा राखणं, एकमेकांच्या घरी जाऊन पालकांना सामन्याचं आमंत्रण देणं. आणि तेव्हा स्पर्धा भरवायची असेल तर खुशाल भरवा, फक्त बाहेरून आलेल्या संघांचेही खेळाडू मोडून, तुमच्या मुलांबरोबर चिठ्ठ्या टाकून नवे संघ पाडा.