गाडी बंद पडल्यावर मदतीला येणारी रोडसाइड असिस्टन्स पैसे भरून घ्यावी का?

आधी विम्याची पॉलिसी आणि वॉरंटीचे कागद काढून बघा. नव्या गाडीसोबत ही सेवा बरेचदा आधीच मिळालेली असते, मग त्याच गोष्टीचे पैसे दोनदा जातात.

ती नसेल, गाडी जुनी असेल आणि रात्री-अपरात्री लांबचा प्रवास होत असेल, तर जरूर घ्या. बॅटरी साधारण 3 ते 5 वर्षांत थकते. किल्ली फिरवल्यावर नुसतं टक-टक ऐकू येतं तेव्हा बहुतेकदा जम्प स्टार्टवर, म्हणजे दुसऱ्या बॅटरीचा करंट देऊन गाडी सुरू करण्यावर भागतं. खरा भुर्दंड टोइंगचा, म्हणजे गाडी ओढून गॅरेजपर्यंत नेण्याचा! म्हणून किती किलोमीटरपर्यंत टोइंग मोफत, हे लेखी घ्या. घराच्या दारात गाडी अडली तरी येतात का, तेही विचारा. आणि स्टेपनीऐवजी नुसता पंक्चर किट असेल, तर टायर बाजूने फाटल्यावर तो काहीच कामाचा नाही.

जवळपासच फिरत असाल आणि भरवशाचा मेकॅनिक हाकेच्या अंतरावर असेल, तर मी तरी घेणार नाही.